हात पोचेल तिथपर्यंत

गल्लीत त्याला सगळे कवळीकर म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे आणि हा घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावर कवळी बनवायचा. तीस वर्षं हेच काम. या कामात त्याचा एक हट्ट होता, आणि तो हट्ट कळला की अर्धा माणूस कळला: दात पांढरेशुभ्र करायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, चकचकीत द्या. हा म्हणायचा, "पासष्टाव्या वर्षी असे दात कोणाला असतात? लोक तुमच्या डोळ्यांकडे बघणारच नाहीत." मग तो समोरच्या दाताला किंचित पिवळट छटा द्यायचा, एखादा दात केसभर वाकडा बसवायचा, हिरडीजवळ चहाचा पुसटसा डाग रंगवायचा. कवळी तोंडात गेली की सख्ख्या मुलांनाही पत्ता लागायचा नाही. जे थोडं मळकं तेच खरं दिसतं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि त्यामुळेच पुढे त्याची चांगली फजिती झाली.

त्याला दुसरा नाद होता छोट्या आगगाड्यांचा. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये त्यांचा क्लब होता. तिथे दोन मोठी टेबलं भरून रूळ, यार्ड, गोदामं, पूल असं सगळं मांडलेलं होतं, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. दुकानातलं इंजिन आणून जसंच्या तसं रुळावर ठेवणं कवळीकराला कमीपणाचं वाटे. तो दोन-तीन खोक्यांतले सुटे भाग घ्यायचा, एकाचं नाक, म्हणजे केबिनपुढचा लांब भाग, कापायचा, दुसऱ्याची केबिन चिकटवायचा आणि बाजारात कुठेच न मिळणारं तिसरं इंजिन उभं करायचा. क्लबात या प्रकाराला किटबॅशिंग म्हणत. बायको मोडतोड म्हणे.

यंदा त्याने जे इंजिन हाती घेतलं होतं ते ताईचं होतं.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. त्याच घरात वरच्या खोलीत राहायची. कागद कारखान्याच्या आवारातलं पिवळं डिझेल इंजिन तिने एकतीस वर्षं चालवलं होतं. लगद्याच्या वॅगन आत आणायच्या, कागदाच्या रिळांच्या वॅगन बाहेर काढून द्यायच्या, दिवसभर पुढेमागे. उंचीने जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की यार्डाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस हातातली विडी टाकायचा. निवृत्त झाल्यावर तिने घराचंच यार्ड करून टाकलं. कवळीकराची बायको स्कूटर मागे घेऊ लागली की ताई ओट्यावर उभी राहून हाताने खुणा करायची, "ये, ये, ये, अजून ये, बास." बायको तीस वर्षं कोणाच्या मदतीविना स्कूटर लावत आली होती, पण ती हसून ऐकायची.

ती निवृत्त झाली त्याच महिन्यात कारखान्याने माल ट्रकने न्यायला सुरुवात केली आणि इंजिन भंगारात गेलं. दोन दिवसांत कापून संपलं. ताई त्यावर एक अक्षर बोलली नाही. मात्र तेव्हापासून भाजी आणायला ती कारखान्याच्या भिंतीकडचा जवळचा रस्ता सोडून शाळेवरून मोठा वळसा घालायची. विचारलं तर म्हणायची, "तेवढंच चालणं होतं." कवळीकर पुढच्या खोलीच्या खिडकीतून तिला पिशवी घेऊन उलट्या दिशेला जाताना रोज बघायचा. लहानपणी त्याला सायकलवर डबलसीट शाळेत सोडणारी, त्याच्यासाठी मास्तरांशी भांडणारी ही बाई, आणि तिच्यासाठी आपल्याला काहीच करता येत नाही, हे त्याला सहन होईना.

म्हणून त्याने ठरवलं की ते इंजिन पुन्हा बनवायचं आणि क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात पहिल्या दिवशी ताईच्याच हातून चालवायचं. ठरवलं इथपर्यंत ठीक होतं. पण उत्साहाच्या भरात तो हे क्लबाच्या अध्यक्षांना बोलून गेला. अध्यक्ष आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढत आले होते, खिशात सदैव छोटी फूटपट्टी, म्हणून त्यांचं नाव मिलिमीटर. मिलिमीटरांनी दुसऱ्याच दिवशी निमंत्रणपत्रिका छापून आणल्या: "पहिली गाडी एक अनुभवी इंजिन ड्रायव्हर चालवतील." आता माघार घ्यायची सोय उरली नाही. आणि ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

काम सोपं नव्हतं. कारखान्याने ते इंजिन कधीकाळी जुनं विकत घेऊन त्याची केबिन बदललेली होती, त्यामुळे तसं दुसरं इंजिन जगात नव्हतं. हाताशी फोटो फक्त एक, कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरवरचा: पुढे बारा कामगार ओळीने उभे आणि मागे इंजिन. रंग उडालेला, वरून बहुधा ओल लागलेली, कारण इंजिनाच्या नाकावर वरच्या बाजूला लाटांसारखी काळपट कड दिसत होती. तेवढा भाग सोडून बाकी सगळं त्याने भिंगाखाली मोजून घेतलं.

एका किटचं लांब नाक त्याने दोन दरवाजांच्या मधल्या फटीत बरोबर कापलं आणि बोटाच्या पेराएवढं आखूड केलं. दुसऱ्या किटची केबिन घेतली, तिच्या खिडक्या लहान होत्या, त्या कवळी घासायच्या यंत्राने कोरून मोठ्या केल्या. सांध्यांत लांबी भरायची तर घरात कवळीचं गुलाबी मिश्रण होतंच. ते एकदा कडक झालं की घासून काचेसारखं गुळगुळीत होतं. वाकडे दात सरळ करायला डॉक्टर जी तार वापरतात तिचे त्याने कठडे वाकवले, आणि ते इतके सुबक झाले की मिलिमीटरांनी फूटपट्टी लावून पाहिली आणि परत खिशात ठेवली. चाकं आणि मोटर एका जुन्या, बंद पडलेल्या इंजिनाची.

मग रंग. पिवळा रंग भारी लबाड असतो, करड्यावर मारला तर हिरवट मारतो. त्याच्याखाली गुलाबी अस्तर दिलं की तो उजळतो, हे कवळीकराला कोणी सांगायला नको होतं. दोन दिवस ते इंजिन टेबलावर कवळ्यांच्या रांगेत गुलाबीगार उभं होतं. बायको चहा द्यायला आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हिरड्या छान झाल्यात," ती म्हणाली. "दात कधी लावताय?"

पिवळ्याचे तीन पातळ हात, मध्ये प्रत्येक वेळी एक दिवस वाळवण. मग चिकटपट्ट्या लावून पुढच्या बाजूला काळे तिरके पट्टे. प्रत्येक पट्टी त्याने केसाकेसाने सोलून काढली, आणि कडा सुरीने कापल्यासारख्या आल्या.

इथे एखादा थांबला असता. कवळीकर थांबला नाही, कारण त्याच्या मते आत्ता कुठे खरी मजा सुरू होत होती. नवंकोरं इंजिन म्हणजे पांढरीशुभ्र कवळी. पुढचे तीन आठवडे तो त्या इंजिनाला मळवत बसला. पातळ तपकिरी रंगाचे ओघळ दरवाजांखाली सोडले. धुराड्याभोवती काजळी. टाकीच्या झाकणापासून खाली तेलाचा चकचकीत डाग. पायऱ्यांना गंज, चाकांवर धूळ, आणि सगळ्यावर लगद्याची पांढुरकी भुकटी, त्यासाठी खडू किसून. शेवटी त्याने दिव्याखाली धरलं तेव्हा ते एकतीस वर्षं राबलेलं इंजिन दिसत होतं. त्याचं त्यालाच भरून आलं. असं काम आपल्या हातून परत होणार नाही, असं त्याला वाटलं.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले तेव्हा त्याने ताईला खाली बोलावलं. टेबल पुसून, रुळाच्या छोट्या तुकड्यावर इंजिन ठेवून, वर रुमाल झाकला होता. बायको दारात उभी होती. त्याने रुमाल उचलला.

ताईने चष्मा लावला. वाकून बघितलं. टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने बघितलं. बोटाने कठड्याला हात लावणार होती, तो मागे घेतला.

"कुठलं रे हे?" तिने विचारलं.

"तुझंच, ताई."

"माझं नाही."

"अगं, फोटोवरून मोजून केलंय. केबिन बघ. पट्टे बघ."

"केबिन माझी आहे. पट्टेही माझेच," ताई म्हणाली. "पण हे इंजिन माझं नाही. इतकं घाणेरडं इंजिन घेऊन मी एक दिवससुद्धा यार्डात उतरले नसते. रोज सकाळी पाळीच्या आधी अर्धा तास जाऊन पुसायचे मी ते. लोक हसायचे, बाई आहे म्हणून पुसते म्हणायचे. हसू देत. आणि तू त्याचं हे असं करून ठेवलंस?"

त्याने धीर करून प्रदर्शनाचं सांगितलं, पत्रिकाही दाखवली. ताईने ती वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"दुसऱ्या कोणाला तरी सांग," ती म्हणाली. "परक्या इंजिनावर मी चढत नाही." आणि जिना चढून वर गेली.

कवळीकर दिवसभर फुगून बसला. तीन आठवड्यांची मेहनत, आणि घाणेरडं म्हणे. मळ हीच तर कला आहे, हे तिला कोण सांगणार? संध्याकाळी तो बायकोजवळ हेच चार-पाच वेगवेगळ्या प्रकारे बोलला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुमच्या हातच्या कवळीला कोणी न धुतलेली म्हटलं, तर तुम्हाला कसं वाटेल?" तिने विचारलं.

"कवळी वेगळी."

"हो का?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहा झाल्यावर तो टेबलाशी बसला. वरचा पारदर्शक हात अजून द्यायचा राहिला होता, म्हणून मळ टर्पेंटाइनने निघणार होता. त्याने कापसाची काडी बुडवली आणि स्वतःचा सर्वांत सुंदर तेलाचा डाग स्वतःच पुसून टाकला. पुसताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. दुसरी काडी घेतली. तेवढ्यात ताई कात्री मागायला आत आली आणि दारातच थांबली.

"काय करतोयस?"

"पुसतोय. तुला स्वच्छ हवं ना."

 तो नाकाच्या माथ्यावरची काजळी काढायला लागला तशी ती पुढे आली.

"तिथली कुठे काढतोस?"

"का? मळच आहे तो."

"तिथे माझा हात पोचायचा नाही," ताई म्हणाली.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. इंजिनाच्या नाकाच्या दोन्ही अंगांना फळीएवढी अरुंद वाट होती. तिच्यावर उभं राहायचं, डाव्या हाताने कठडा धरायचा आणि उजव्या हाताने फडकं फिरवायचं, असं तिने बसल्या बसल्या करून दाखवलं. टाचा उंचावल्या तरी माथा काही हाती यायचा नाही. शिडी मागितली होती तिने साहेबांकडे, मिळाली नाही. मग हात पोचेल तिथपर्यंत पिवळंधमक आणि त्याच्या वर काळं, असंच ते इंजिन कायम असायचं.

"छोट्या, या मापात मी केवढी होईन?" तिने विचारलं.

कवळीकराने मनातल्या मनात भागाकार केला. "साडेसतरा मिलिमीटर."

त्याने तारेचा तुकडा वाकवून साडेसतरा मिलिमीटरची ताई बनवली, एक हात कठड्याला आणि एक वर ताणलेला. ताईने ती तारेची ताई चिमटीत धरून फळीवर उभी केली. वर ताणलेला हात जिथवर फिरेल तिथवर कापसाची काडी गोल फिरवून पुसायचं, मग एक पाऊल सरकायचं, परत गोल. कापसाची काडी जाड पडली म्हणून कापूस टूथपिकला गुंडाळला. पुसायचं काम तिने स्वतःकडेच ठेवलं. कवळीकराने काडी बुडवून हातात द्यायची, बस्स. मध्येच ती थांबली. "इथे पुसायचं नाही. धुराडं तापलेलं असायचं. एकदा भाजलं होतं." कोपराजवळचा जुना डाग तिने सहज दाखवला. केबिनच्या पायऱ्या मात्र तिने दोनदा पुसल्या. "बूट घेऊन आत येणाऱ्याला मी शिव्या घालायचे," ती म्हणाली, आणि आठवून हसली.

एक बाजू पूर्ण झाली तेव्हा त्यांनी इंजिन दिव्याखाली धरलं. खाली स्वच्छ पिवळं, वर काळपट, आणि मधली कड सरळ नव्हती. एका पावलागणिक एक अशा अर्धगोलांची रांग होती. कवळीकर उठला, खणातून कॅलेंडरचा फोटो काढला आणि त्यावर भिंग धरलं. ओलीचा डाग म्हणून त्याने सोडून दिलेल्या त्या लाटा अगदी तशाच होत्या. तीस वर्षं खोटं खरं दिसावं म्हणून बारीक बघणाऱ्या माणसाला आपल्या बहिणीचा हात फोटोत दिसला नव्हता. त्याला मनापासून लाज वाटली. त्याने भिंग तिच्या हातात दिलं. ताईने बघितलं, बराच वेळ बघितलं.

"हो," ती म्हणाली. "हे माझं."

प्रदर्शनाच्या सकाळी मिलिमीटर भिंग घेऊन प्रत्येक टेबलाशी फिरत होते. या इंजिनापाशी ते थबकले. नाकाचा वरचा भाग काळा, खालचा लख्ख, कड वेडीवाकडी.

"हे काय?" त्यांनी विचारलं. "मळवता मळवता रंग संपला का?"

"रंग नाही, हात संपला," ताई मागून म्हणाली.

मिलिमीटर वळले. ताई कडक इस्त्रीची साडी नेसून, केस चापून बांधून उभी होती. तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी फूटपट्टी काढली, फळीपासून कडेपर्यंतचं अंतर मोजलं, मग ताईच्या उंचीकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणाकार केला आणि मान डोलावली. एवढी मान डोलावलेली क्लबात कोणी पाहिली नव्हती.

हॉल भरला. ताई कंट्रोलरपुढे बसली. आठ टप्प्यांचं गोल बटण, ते तिने एकदा मागेपुढे फिरवून बघितलं. गोदामापाशी तीन वॅगन उभ्या होत्या, त्या ओढून मुख्य रुळावर आणायच्या, एवढंच काम. सगळे वाट बघत होते. ताई हलेना.

"ताई, करा ना सुरू," मिलिमीटर म्हणाले.

"शिटी कोण देणार?" ताईने विचारलं. "खाली रुळाशी उभ्या माणसाची शिटी आल्याशिवाय इंजिन हलवायचं नाही."

शिटी कोणाकडे नव्हती. सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी मिलिमीटरांनी फूटपट्टी खिशात ठेवली, दोन बोटं तोंडात घातली आणि कोणाला कल्पनाही नव्हती अशी सणसणीत शिटी मारली. हॉलमध्ये हशा पिकला. ताई हसली नाही, ती कामावर होती. तिने पहिला टप्पा दिला.

इंजिन निघालं ते इतकं हळू की चाक फिरतंय का हे खाली वाकून बघावं लागलं. बाकीच्यांच्या गाड्या गरागरा धावत होत्या. ही मुंगीच्या पावलांनी वॅगनपर्यंत गेली आणि टेकली. धक्का नाही, आवाज नाही, वॅगन जागची हलली नाही, फक्त जोडली गेली. गर्दीतल्या जाणत्या लोकांच्या बोलण्याचा आवाज आपोआप खाली आला. ताई बटणाकडे बघतच नव्हती. तीन वॅगन घेऊन ती मुख्य रुळावर आली, थांबली, परत मागे गेली. तासाभरात तिने सबंध यार्ड लावून टाकलं. कोणी न सांगता मिलिमीटर दर फेरीला शिट्या देत होते.

जेवणाची वेळ झाली. कवळीकर तिच्याजवळ गेला. "ताई, चल, थोडं खाऊन घे. मी बघतो तोवर."

ताईने इंजिन गोदामापाशी आणून उभं केलं, पण खुर्चीवरून उठली नाही.

"असं नाही उठता येत," ती हळू आवाजात म्हणाली. "बदली माणूस आला की त्याला इंजिनाच्या खोड्या सांगायच्या, त्याने त्या ऐकून घ्यायच्या, मगच खाली उतरायचं." ती जरा थांबली. "शेवटच्या दिवशी मी बसून राहिले होते, छोट्या. पाच वाजले, साडेपाच वाजले. बदली कोण येणार? उद्यापासून इंजिनच नव्हतं. चावी वॉचमनच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले. कोणाला काही सांगितलंच नाही."

 कवळीकर तिच्या शेजारी सरळ उभा राहिला. "मला सांग," तो म्हणाला.

ताईने घसा साफ केला. "थंडीत सुरू करताना घाई करायची नाही, पाच मिनिटं नुसतं घरघरू द्यायचं. उजवा ब्रेक आधी लागतो, डावा मागून. वजनकाट्यापाशी रूळ ओला असतो, तिथे चाक घसरतं, थोडी वाळू सोडायची. दुसऱ्या टप्प्याला गचका देतं, घाबरायचं नाही, ती त्याची सवय आहे. केबिनचं दार नीट ओढून घ्यायचं, नाहीतर वळणावर उघडतं."

टेबलावरच्या इंजिनाला ब्रेक नव्हता. वाळू नव्हती. दार तर कवळीकरानेच चिकटवून बंद केलं होतं. त्याने एकेक गोष्ट मान हलवत ऐकून घेतली. समोरच्या वॅगन त्याला धूसर दिसायला लागल्या होत्या.

"आता म्हण, चार्ज घेतला," ताई म्हणाली.

"चार्ज घेतला, ताई."

"ताई नको. नुसतं."

"चार्ज घेतला."

ताई खुर्चीवरून उतरली, पदर सारखा केला आणि कवळीकराची बायको उभी होती तिकडे चहाच्या टेबलाकडे चालत गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. कवळीकर खुर्चीवर बसला आणि मिलिमीटरांच्या शिटीची वाट बघू लागला.